ई-बसचा करार आज, गर्दी दहा वर्षांनी: सांगली-मिरजेने आधी काय मागून घ्यावं?

विश्रामबागकर (धागाकर्ता)

पीएम ई-बस सेवेच्या यादीत आपली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका आहे. गावात चर्चा चालते ती बस कधी येणार, एसी असेल का, तिकीट किती, एवढ्यावरच. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. समजा बस आल्या, लोकांना आवडल्या, भरून धावू लागल्या. सहा-सात वर्षांनी त्या अपुऱ्या पडल्या की वाढीव बस आणायची जबाबदारी कोणाची? कंत्राटदाराची, महापालिकेची की केंद्राची? सही होताना याचं उत्तर कागदावर नसेल तर नंतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. याचे दाखले आपल्याच देशात आहेत.

आधी योजना थोडक्यात. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केली. देशभरात १०,००० ई-बस, अंदाजे खर्च ५७,६१३ कोटी रुपये, त्यातले २०,००० कोटी केंद्राचे. बस खासगी कंपनीची, चालक तिचा, देखभाल तिची. कंपनीला पैसे मिळतात किलोमीटरमागे. तिकिटाचं उत्पन्न शहराकडे येतं. बस चालवण्यासाठी केंद्र दहा वर्षं मदत देणार: १२ मीटरच्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, ९ मीटरच्या बसला २२, ७ मीटरच्या बसला २०. कंपनीचा दर त्याहून जेवढा जास्त, तेवढा फरक तिकिटातून आणि शहराच्या तिजोरीतून भरायचा. शहरं निवडताना आधार धरला तो २०११ च्या जनगणनेचा. तेव्हा आपल्या तिन्ही गावांची मिळून लोकसंख्या ५,०२,७९३ होती. पुढची जनगणना लांबत लांबत २०२७ वर गेली. म्हणजे २०११ ची डोकी मोजून ठरलेली सेवा २०३५ च्या आसपासची माणसं वाहणार.

आता थोडा हिशोब करू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. सांगली स्टँड ते मिरज स्टँड दहा किलोमीटर धरा. थांबे, सिग्नल धरून एका बाजूला ४० मिनिटं, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं. पूर्ण फेरी १०० मिनिटांची. दर दहा मिनिटांना बस हवी तर १० बस लागतात. बसून-उभे मिळून एका बसमध्ये ६० जण धरले तर तासाला एका दिशेने ३६० माणसं जातील.

उद्या रस्त्यावर गाड्या वाढल्या आणि तोच प्रवास ५० मिनिटांचा झाला. फेरी १२० मिनिटांची झाली. दहा मिनिटांचं अंतर टिकवायचं तर १२ बस लागतील, आणि माणसं जातील तेवढीच, ३६०. बस वाढवल्या नाहीत तर अंतर बारा मिनिटांवर जाईल आणि माणसं ३०० वर येतील. एकही नवा प्रवासी न येता क्षमता सहाव्या हिश्श्याने घटली. विश्रामबाग ते मिरज या रस्त्यावर संध्याकाळी सहाला जो प्रवास करतो, त्याला हे वेगळं सांगायला नको. शिवाय अशा करारांत कंपनीला ठरावीक किलोमीटरची हमी दिलेली असते. कंपनीची चूक नसताना बस कोंडीत अडकून कमी धावली, तरी हमीचे पैसे शहर देतं.

मुंबईत काय झालं बघा. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं, खासगी भागीदारी, ३५ वर्षांचा करार. फलाट सहा डब्यांचे बांधले, गाड्या चार डब्यांच्या घेतल्या. पुढे गर्दी एवढी वाढली की घाटकोपरला रांगा लावाव्या लागल्या, पण दहा वर्षं उलटली तरी गाड्या चार डब्यांच्याच राहिल्या. भाडं किती असावं यावरून कंपनी आणि एमएमआरडीए (मुंबई महानगर विकासाची सरकारी संस्था) कोर्टात भांडत होत्या. अशा वेळी नवे डबे घ्यायला पैसा कोण घालणार?

हैदराबादेतही तेच. ६९ किलोमीटरची मेट्रो, ५७ गाड्या, प्रत्येक तीन डब्यांची. गर्दी वाढत गेली आणि कंपनी म्हणत राहिली की तोटा होतोय. शेवटी २०२५ मध्ये त्या कंपनीने, म्हणजे एल अँड टीने, अंग काढून घ्यायचं ठरवलं आणि तेलंगण सरकारने मेट्रो ताब्यात घ्यायचं मान्य केलं.

या दोन्ही ठिकाणी फलाट तरी मोठे होते. कॅनडातल्या व्हँकुव्हरला तेही नाही. तिथली कॅनडा लाइन ही मेट्रो २००९ मध्ये सुरू झाली, खासगी कंपनीशी करार २०४० पर्यंतचा. खर्च वाचवायला फलाट ४० ते ५० मीटरचेच बांधले, गाडी दोन डब्यांची. गाड्या वाढवता आल्या आणि सरकारने पैसे घालून त्या वाढवल्याही. पण जमिनीखालचा फलाट लांब करायचा म्हणजे चालू स्थानक खोदायचं.

यावरून माझं म्हणणं असं. क्षमतेच्या गोष्टींचे दोन ढीग करा. एका ढिगात बस, चालक, फेऱ्या. या टप्प्याटप्प्याने वाढवता येतात, आज जास्त घ्यायची गरज नाही. दुसऱ्या ढिगात डेपोची जागा, विजेचं उपकेंद्र, बस वळवायची आणि उभी करायची जागा. या एकदाच होतात आणि त्या आजच दुप्पट धराव्यात, महापालिकेच्या मालकीच्या धराव्यात. आणि पहिला ढीग कधी, कोणाच्या खर्चाने, कोणत्या आकड्याला पोचल्यावर वाढवायचा, ते करारात लिहून घ्यावं. तुमचं मत सांगा.

---

मिरज_जंक्शन

धागा आवडला. दुसऱ्या ढिगाचा दाखला द्यायला व्हँकुव्हरला जायची गरज नाही, आपल्या मिरजेत आहे.

बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनी. १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शीपासून सुरुवात, पुढे पंढरपूर, लातूर, आणि १९२७ ला मिरज. रूळ अडीच फुटी. का, तर स्वस्त. दुष्काळी मुलूख, एवढा माल कुठून येणार, असा हिशोब. त्यांचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप हुशार होते. अरुंद रुळावरही मोठ्या वाघिणी (मालडबे) धावतील अशी रचना त्यांनी केली, आणि त्यासाठी ही रेल्वे जगभर अभ्यासली गेली. म्हणजे त्या काळाच्या मानाने काम उत्तम होतं.

पण मिरजेला माल आला की तो एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. मिरजेत एके काळी तिन्ही गेज (रुळांमधली अंतरं) होते: ब्रॉड, मीटर आणि नॅरो. १९५४ ला सरकारने बार्शी लाइट विकत घेतली. कंपनी गेली, करार संपला, रूळ मात्र अडीच फुटीच राहिले. पंढरपूर-मिरज मार्ग ब्रॉडगेज व्हायला २०१० उजाडलं. कंपनीने घेतलेला एक निर्णय कंपनी गेल्यावर आणखी पन्नासेक वर्षं आपण वापरला. डेपो कुठे आणि केवढा, हा निर्णय तसाच आहे.

---

कुपवाडरोड

मुद्दा समजला, पण माझा विरोध नोंदवतो. दुप्पट जागा, दुप्पट वीज, हे पैसे आणायचे कुठून? इथे रस्त्यावरचे खड्डे बुजवायला निधी नाही म्हणतात. जी बस अजून रस्त्यावर नाही तिच्या दहा वर्षांनंतरच्या गर्दीची तजवीज करायची, आणि गर्दी झालीच नाही तर? अनेक शहरांत सिटी बस रिकाम्या धावून बंद पडल्या.

दुसरं, कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. आमचे कामगार वडापने, म्हणजे खासगी शेअर जीपने, येतात. वडाप शिफ्टच्या वेळेला गेटवर हजर असतं. बस कधी येईल सांगता येत नाही. आधी आहे ती सेवा वेळेवर चालू द्या, मग २०३५ बघू.

---

विश्रामबागकर

कुपवाडरोड, तुमचा पैशाचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच दोन ढीग वेगळे केले. बस जास्त घ्या असं मी म्हणत नाही, उलट सुरुवातीला कमीच घ्याव्यात. कारण किलोमीटरची हमी दिली की रिकामी बसही पैसे खाते. पण जागा आज मोकळी आहे ती दहा वर्षांनी राहणार नाही. महापालिकेचा आरक्षित भूखंड डेपोसाठी धरून ठेवायला आज मोठा खर्च नाही, सोडून दिला तर मात्र तो परत मिळत नाही. वीज जोडणीच्या कामाला तर या योजनेत केंद्राचा पैसा मिळतो. तो मिळतोय तेव्हाच मोठं उपकेंद्र मागावं. पुढे स्वतःच्या खिशातून वाढवावं लागेल.

वडापबद्दल: ते बंद करा असं कोणी म्हणत नाही. पण वडाप गर्दीच्या दिशेने पळतं. रात्री साडेनऊला शिफ्ट सुटलेल्या चार बायकांसाठी ते थांबत नाही. ती जबाबदारी सार्वजनिक सेवेची.

---

आगारातला

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, आता निवृत्त आहे. जिल्ह्यातली दोन-तीन आगारं पाहिली. मला सांगावंसं वाटतं ते भारमानाबद्दल, म्हणजे गाडी किती टक्के भरली त्याबद्दल.

कागदावर गाडीचं भारमान दिवसाच्या सरासरीने काढतात. साठ टक्के आलं की वर कळवतात, गाडी बरी चालली आहे. पण सकाळी साडेसातची तीच गाडी दरवाज्यापर्यंत भरलेली असते आणि दुपारी दोनला दहा माणसं असतात. सरासरी साठ. सकाळी थांब्यावर जी पोरं राहून गेली, ती कुठल्याच कागदावर येत नाहीत. कारण आपण तिकिटं मोजतो, आणि जो चढलाच नाही त्याचं तिकीट फाटत नाही. नव्या बसमध्ये मशीन आलं, मोबाईलवर तिकीट आलं, तरी हे तसंच राहणार.

म्हणून विश्रामबागकरांनी जे लिहिलंय की कोणत्या आकड्याला पोचल्यावर बस वाढवायच्या, तो आकडा सरासरी भारमानाचा कदापि नसावा. तो सकाळच्या आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासाचा असावा, आणि सर्वांत गर्दीच्या टप्प्यावरचा असावा. सांगली-मिरज मार्गावर विलिंग्डन कॉलेज, वालचंद, पुढे मिरजेचे दवाखाने, ही गर्दी एकाच दिशेने एकाच वेळी येते. संपूर्ण मार्गाची सरासरी काढली की ती दिसत नाही.

अजून एक. गर्दी लोकसंख्येनेच वाढते असं नाही. मार्च २०२३ ला एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. एका शासन निर्णयाने गाड्यांतलं चित्र बदललं. पूर्वी बाजाराला एकटा नवरा यायचा, आता घरातल्या बायका येऊ लागल्या, माहेरी जाणं वाढलं. फार चांगलं झालं. पण गाड्या त्या प्रमाणात एका रात्रीत वाढत नाहीत. उद्या असा निर्णय शहर बसला लागू झाला तर किलोमीटरमागे पैसे घेणाऱ्या कंपनीला काही फरक पडत नाही. गर्दी वाढली तरी तिची गाडी तेवढीच, तिचे पैसे तेवढेच. सोसायचं प्रवाशाने. म्हणून शासनाने सवलत वाढवली तर वाढीव बसचा खर्चही शासनानेच द्यावा, असं महापालिकेने आत्ताच लेखी घ्यावं.

---

सायली_तासगाव

आगारातले काका, अगदी खरं. जो चढलाच नाही तो मोजला जात नाही, हे वाचून बरं वाटलं की कुणाला तरी ते ठाऊक आहे. कॉलेजला असताना पास खिशात असायचा आणि गाडी थांबायची नाही. पासवाल्यांचे पैसे आधीच आलेले असतात, त्यामुळे आमच्यासाठी थांबायची घाई कुणाला नसायची. नव्या करारात थांबा न घेता गाडी पुढे नेली तर दंड हवाच. पण भरलेली गाडी थांबवून तरी काय करणार? मूळ गाड्याच हव्यात.

---

करारवाचक

माझा व्यवसाय ठेक्यांचे मसुदे तपासण्याचा. बस या विषयातला नाही, पण मसुद्याची अडचण सगळीकडे सारखीच असते, म्हणून लिहितो.

क्षमता वाढवण्याची जबाबदारी मोघम ठेवली की काय होतं त्याचं माझ्या माहितीतलं सर्वांत बोलकं उदाहरण फिलिपिन्सच्या मनिलातली मेट्रो, एमआरटी-३. खासगी कंपनीने बांधली, सरकारला भाड्याने दिली, २५ वर्षांचा करार. रोज साडेतीन लाख प्रवाशांसाठी आखलेली. पुढे रोजचे प्रवासी पाच लाखांच्या वर गेले. डबे वाढवायचा हक्क कोणाचा, मालक कंपनीचा की चालवणाऱ्या सरकारचा, यावर वर्षानुवर्षं वाद. शेवटी सरकारने चीनमधून ४८ डबे आणले, तर ते वजन आणि सिग्नल यंत्रणेच्या तक्रारींमुळे अनेक वर्षं नीट वापरताच आले नाहीत. पैसा गेला, प्रवासी रांगेतच राहिले.

उलट बाजूचं उदाहरण सिंगापूर. २०१६ पासून तिथे बस आणि डेपो सरकारच्या मालकीचे. खासगी कंपनी फक्त चालवते, करार पाच वर्षांचा, काम चांगलं असेल तर दोन वर्षं वाढवून. मार्ग आणि फेऱ्या सरकार ठरवतं. कंपनी बदलली तरी डेपो तोच, बस त्याच. क्षमतेचा निर्णय एका हातात राहतो.

आपल्या योजनेत बस कंपनीची असल्यामुळे सिंगापूरसारखं होणार नाही, पण तीन गोष्टी मागता येतील. पहिली, मूळ संख्येच्या काही टक्के जादा बस मूळ दराने किंवा आधीच ठरलेल्या सूत्राने मागवण्याचा हक्क महापालिकेकडे. नव्या निविदेला दोन वर्षं लागतात, तोवर प्रवासी दुचाकीवर गेलेला असतो आणि तो परत येत नाही. दुसरी, ठरावीक वर्षांनी फेरआढावा. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या खासगी करारांत ३० वर्षांत दर साडेसात वर्षांनी आढावा होता. तरी ती रचना कोसळली, त्यातली मेट्रोनेट ही कंपनी २००७ मध्ये बुडाली आणि २०१० मध्ये ट्यूब लाइन्स ही दुसरी कंपनीही सरकारी संस्थेने घेतली. साडेसात वर्षं फार लांब होती, असं माझं मत. आपल्याकडे तीन वर्षं असावीत. तिसरी, प्रवाशांचा आणि बसच्या जागांचा सगळा डेटा महापालिकेच्या मालकीचा. फेरआढाव्याला आकडे कंपनीचेच असतील तर आढावा कसला?

आणखी एक गोष्ट मसुद्याबाहेरची. कंपन्या वाढीव बस द्यायला नाखूश असतात कारण शहरं बिलं थकवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ३,४३५ कोटींची पैसे-हमी योजना मंजूर केली ती याचसाठी. शहराने थकवलं तर त्या निधीतून कंपनीला पैसे, आणि ते नंतर राज्याच्या खात्यातून वळते. त्यामुळे कंपनी पैसे बुडायच्या भीतीने जादा दर लावणार नाही, ही आशा. महापालिकेने सौदा करताना हे दाखवून द्यावं.

---

कुपवाडरोड

करारवाचक, तीन वर्षांचा फेरआढावा पटला. जादा बसचा हक्क ठेवला पण आज घेतल्या नाहीत, म्हणजे आज पैसे जात नाहीत. हे असं असेल तर माझा विरोध उरत नाही. फक्त एक: आढाव्यात बस कमी करायचाही हक्क हवा. वाढवायचाच नको.

---

करारवाचक

हवा, पण त्याला मर्यादा लागेल. कंपनीने बससाठी बँकेचं कर्ज काढलेलं असतं. तिला उद्या अर्ध्या बस नको म्हटलं तर ती आजच दर वाढवून मागेल. एका मार्गावरून काढून दुसऱ्या मार्गावर न्यायचा हक्क पूर्ण ठेवा, संख्या कमी करायचा हक्क थोडा.

---

हरिपूर_घाट

सगळ्यांनी डेपो मोठा हवा म्हटलं, कुठे हवा ते कुणी बोललं नाही. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर आम्ही पाहिले. २०१९ ला एसटी स्टँड, मारुती चौक, गावभाग पाण्यात होते. डिझेलची गाडी चालवत उंचावर नेऊन उभी करता येते. ई-बसही नेता येईल, पण चार्जर आणि ट्रान्सफॉर्मर कुठे नेणार? आणि पुराच्या दिवसांतच माणसं हलवायला बस सर्वांत जास्त लागतात. डेपो पूररेषेच्या बाहेरच हवा, मग गावापासून थोडा लांब पडला तरी चालेल.

लांब पडला तर डेपोपासून पहिल्या थांब्यापर्यंतचे रिकामे किलोमीटर वाढतात, हेही कळतं. त्याचे पैसे कोणाच्या खात्यात, ते करारात आधीच यावं.

---

विश्रामबागकर

हरिपूर_घाट, हा मुद्दा मी वरच्या यादीत पहिल्या क्रमांकावर घेतो. त्यात बॅटरीचंही जोडतो. दहा वर्षांत बॅटरीची ताकद उतरते. पहिल्या वर्षी एका चार्जिंगमध्ये जेवढं धावेल तेवढं आठव्या वर्षी धावणार नाही. मग दुपारी मध्येच चार्जिंग लागेल, आणि ते डेपोत जाऊन करायचं तर डेपो लांब असणं अजून महाग. मिरजेच्या बाजूला एक छोटा चार्जिंग थांबा वेगळा ठेवला तर दोन्ही अडचणी कमी होतील. बॅटरी बदलायची कंपनीनेच, हे असतंच. पण कधी बदलायची त्याचा निकष किलोमीटरमध्ये लिहावा, "आवश्यकतेनुसार" नको.

या सगळ्याचं एक निवेदन करून आयुक्तांकडे आणि आपापल्या प्रभागात द्यावं म्हणतो. पण आगारातल्या काकांचं ऐकलं तर आधी आपल्याकडे गर्दीच्या तासाचे आकडे हवेत. काका, मोजायचं कसं ते सांगाल का?

---

आगारातला

सोपं आहे, फक्त माणसं हवीत. मार्गावर तीन ठिकाणी उभं राहायचं: पुष्पराज चौक, विश्रामबाग, मिरजेत गांधी चौक. सकाळी साडेसात ते दहा, संध्याकाळी पाच ते साडेसात. प्रत्येक जाणाऱ्या बसची वेळ लिहायची, आत अंदाजे किती, उभे किती, आणि थांब्यावर चढू न शकलेले किती. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, तो सोडू नका. वडापमध्ये किती बसले तेही वेगळ्या रकान्यात. सोमवार टाळा, सणाचा आठवडा टाळा, परीक्षेचे दिवस टाळा. कॉलेज नियमित सुरू असताना मंगळवार-बुधवार-गुरुवार सलग घ्या. कागद कसा आखायचा त्याचा फोटो मी टाकतो.

---

सायली_तासगाव

विश्रामबागला मी उभी राहते, सकाळी. माझ्या दोन मैत्रिणी वालचंदला आहेत, त्यांनाही विचारते.

---

कुपवाडरोड

यात कुपवाड नाही. एमआयडीसी गेटवर शिफ्ट सुटताना मी माझा माणूस देतो. काका, तो कागद मलाही पाठवा.

---

मिरज_जंक्शन

गांधी चौक माझ्याकडे. संध्याकाळी दवाखान्यातून परत जाणारे पेशंट आणि नातेवाईक बरेच असतात, त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवू का? बाहेरगावचे असतात, पुढे एसटी किंवा रेल्वे पकडायची असते, त्यांना दहा मिनिटांचा उशीरही परवडत नाही.

---

आगारातला

ठेवा. चांगलं होईल.